बिनतेलाचं स्टेअरिंग

चहा घ्या आधी, मग सांगतो. आणि हा किस्सा आमच्या सोलापूरच्या कॉलनीत दुसऱ्या कुणी सांगितला असेल तर तो तेवढा विसरा. लोकांनी त्यात तिखटमीठ घातलंय. मला घालायची गरज नाही. माझ्या हातून झालेला गाढवपणा इतका भरघोस आहे, की त्याला वरून काही लागत नाही.

तर माझ्याकडं एक मोटरहोम आहे. म्हणजे मोटरहोम मीच म्हणतो. सिनेमाच्या शूटिंगला नटनट्या रंगायला बसतात ना, ती जुनी व्हॅनिटी व्हॅन आहे. चादरी-टॉवेलांचं दुकान मुलाच्या ताब्यात दिलं, म्हटलं आता गाडीत घर करायचं आणि भारत बघायचा. पुण्याकडच्या एका माणसानं ही गाडी माझ्या गळ्यात मारली. आत पलंग, एसी, छोटी मोरी आणि चारी बाजूंनी दिवे लावलेला हा एवढा आरसा. सुमन, म्हणजे आमची मंडळी, आत चढली, सगळं बघितलं आणि म्हणाली, "आरसा मोठा आहे, हे बरं झालं. रोज बघत जा." तिच्या बोलण्यात काहीतरी असतं. मी लक्ष देत नाही.

भारत अजून बघायचाय. सध्या जिल्ह्यातलंच नातेपुते आणि वैराग झालंय. त्यातलं वैराग म्हणजे मेव्हण्याकडं जेवायला गेलो आणि परत आलो.

पण या गाडीची एक करामत आहे. हिला चार पाय आहेत. चाकं वेगळी, पाय वेगळे. हायड्रॉलिकवर चालणारे लोखंडी पाय. गाडी उभी केली की बटण दाबायचं, गुर्रर्र करत पाय खाली येतात, जमिनीला टेकतात आणि सगळी गाडी उचलून समतल करतात. मग आत काठोकाठ चहा भरलेला कप ठेवा, थेंब सांडणार नाही. आमच्या घरासमोर रस्त्याला उतार आहे आणि गाडीचं तोंड उताराकडं. त्यामुळं पुढचे दोन पाय चांगले लांब बाहेर यायचे आणि गाडीचं नाक वर उचलायचे. आल्यागेल्या प्रत्येकाला मी हे करून दाखवायचो. कॉलनीत असा एक माणूस नाही ज्यानं त्या गाडीत बसून न सांडलेला चहा प्यायला नाही.

एवढी गुणी गाडी, पण वयानुसार दुखणी येणारच की. हिचं पॉवर स्टेअरिंग बिघडत चाललं होतं. वळताना म्हातारं माणूस जमिनीवरनं उठताना कण्हतं तशी कण्हायची, आणि चाक फिरवायला लई जड जायचं.

त्यात आमच्या शेजारच्या बिराजदारांच्या पल्लवीचं लग्न ठरलं. पोरगी माझ्या डोळ्यांसमोर लहानाची मोठी झालेली. बँकेत नोकरी करते, डोकं तल्लख आणि जीभ त्याहून. मुलगा तिनंच पसंत केलेला, सचिन, माढ्याचा. मुलाचे वडील मोठ्या मुश्किलीनं तयार झाले होते. उसाचे मोठे बागायतदार, बोलायला कमी, मानपानाला कडक. त्यांनी बिराजदारांना एकच सांगितलं होतं, "हुंडा नको, मानपान नको. अक्षता वेळेवर पडल्या पायजेत. आमच्यात वेळ चुकली तर आमी वाट बघत न्हाय, माणसं घिऊन माघारी जातो." बिराजदार तेव्हापासून उठता-बसता घड्याळ बघत होते.

ते माझ्याकडं आले. "मालक, एक मागू का? पल्लवीला कार्यालयात तुमच्या गाडीतनं न्या. आरसा हाय, एसी हाय, पोरगी तयार होतच येईल. वेळ वाचंल."

आता बघा, गाडी घेतल्यापासून माझ्याकडं कुणीतरी मोटरहोम मागत होतं. मी काय नाही म्हणणार? म्हटलं, "बिराजदार, पोरगी तुमची तशी माझी. वेळेच्या आधी मंडपात उतरवतो. शब्द आहे."

लग्न रविवारी. शनिवारी सकाळी मी स्टेअरिंगच्या मागं लागलो. मोबाइलवर व्हिडिओ बघून ठेवले होते. एका पंजाबी सरदारजीनं फार चांगलं समजावलं होतं. पॉवर स्टेअरिंगमधलं तेल जुनं झालं की काळं पडतं, ते काढून टाकायचं आणि नवं लाल तेल भरायचं. एवढंच तर काम. गाडी पायांवर उभी होतीच. खाली शिरलो, पाइप सोडला आणि सगळं काळं तेल जुन्या टबात काढलं. अगदी डांबर निघालं हो. पाइप परत बसवला, स्कूटर काढली आणि नवं तेल आणायला निघालो.

फाटकात पल्लवीची आई, महानंदा वहिनी, आंब्याचं तोरण बांधत उभ्या.

"कुटं निघालात अण्णा?"

"गाडीला तेल आणतो."

त्यांच्या हातातलं तोरण तसंच राहिलं. "आज? शनवारी?"

"हो, स्टेअरिंगचं तेल आहे ते, वहिनी."

"अय्यो, ब्याड री अण्णा, ब्याड!" म्हणजे नको हो, नको. वहिनींचा जीव घाबरा झाला की त्या कानडीवर येतात. "शनवारी इकतचं तेल कुणी आणतं का? ते बी माझ्या पोरीच्या लग्नाच्या गाडीत? साडेसाती लावून घ्यायची हाय का तिच्या मागं?"

आता मी पडलो विज्ञानवादी माणूस. मी त्यांना शांतपणे विचारलं, "वहिनी, मग काल-परवा संपलेलं डिझेल मी आज सकाळीच भरून आणलं, त्याचं काय?"

"डिझेल येगळं. ते काय डोक्याला लावत्यात का?"

स्टेअरिंगचं तरी कोण डोक्याला लावतं? पण हे मला तेव्हा सुचलं नाही. सुचलं तेव्हा मी स्कूटर आत लावत होतो. आणि खरं सांगू का, मी शनिवारी तेल आणणं मानत नाही, पण आजवर आणलंही नाही. उगाच कशाला? दुकानं रविवारी सकाळी उघडीच असतात. तेव्हा आणू म्हटलं.

म्हणजे परिस्थिती काय होती ते बघा. स्टेअरिंगमध्ये तेलाचा टिपूस नाही, गाडी चार पायांवर उभी आणि मला दिवसभर काही काम नाही. मला काम नसलं की सुमन घरातल्या सगळ्या वस्तू मोजून ठेवते.

दुपारी मंडपवाले आले. त्यांनी गाडीला झेंडूच्या माळा घातल्या आणि खालून चारी बाजूंनी लाल-पिवळी झालर लावली, अगदी जमिनीला टेकेल अशी. गाडी अशी सजली, की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. त्या झालरीमागं चाकं आहेत की नाहीत, हेसुद्धा दिसत नव्हतं.

संध्याकाळी बिराजदारांकडं हळद चालू होती. मी आपला गाडीतले दिवे लागतात का बघायला गेलो आणि सहज ड्रायव्हरच्या सीटवर बसलो. हात सवयीनं स्टेअरिंगवर गेला.

आणि काय सांगू, स्टेअरिंग फिरलं. नुसतं फिरलं नाही, लोण्यातनं बोट फिरावं तसं फिरलं. डावीकडं पूर्ण, उजवीकडं पूर्ण. कण्हणं नाही, कुथणं नाही. इंजिन बंद असताना, करंगळीनं.

मी खाली उतरलो, गाडीकडं बघितलं आणि परत चढलो. परत फिरवलं. तेच.

दुसरा कुणी असता तर त्याला शंका आली असती. मला सिद्धान्त सुचला. तेल होतं तेव्हा स्टेअरिंग जड होतं. तेल काढलं, स्टेअरिंग हलकं झालं. म्हणजे दुखणं कुठं होतं? तेलात!

मी तसाच हळदीत गेलो आणि बिराजदारांना बाहेर ओढलं. मग त्यांच्या मागनं त्यांचे साडू, मावश्या, आत्या, शेजारीपाजारी, सगळी हळद गाडीसमोर आली. एकेकानं वर चढून करंगळीनं स्टेअरिंग फिरवून बघितलं. हळदीची बोटं लागून स्टेअरिंग पिवळं झालं. आणि मी खाली उभा राहून व्याख्यान देत होतो.

"पंप, पाइप, तेल, फिल्टर, हे सगळं कंपन्यांनी आपल्याला नादी लावायला काढलंय. तेल भरा, तेल बदला, परत भरा. अरे, आपल्या आज्याच्या बैलगाडीला कुठं होतं पॉवर स्टेअरिंग?"

"बैलांना होतं की मालक," मागनं कुणीतरी म्हणालं. मी तिकडं दुर्लक्ष केलं.

बिराजदारांच्या साडूंना माझं पटलं. "मग माझ्या जीपचं बी काढून टाकू का तेल?"

"काढा," मी म्हटलं. "आजच काढा."

साडू आळशी माणूस आहे, म्हणून आज जीप चालतीय.

घरी आल्यावर सुमन म्हणाली, "उद्या सकाळी गुपचूप तेल आणून घाला."

"अगं, गाडी सुधारली ना. कशाला परत बिघडवू?"

"चालवून बघितली का?"

"चालवायला कशाला लागतं? हाताला कळतं. सगळा जन्म नुसत्या हातानं चादरीचा पोत ओळखलाय मी."

"ही चादर नव्हे," ती म्हणाली आणि दिवा बंद केला. बायकांना शोधाची किंमत कधी कळलीय का?

रविवारी मी तेल आणलं नाही. उलट लवकर अंघोळ केली, फेटा बांधला आणि गाडीत जाऊन बसलो. बिराजदार मंडळी जीपगाड्यांनी पुढं गेली. माझ्या गाडीत मागं पल्लवी आरशासमोर, तिच्या मुंडावळ्या सावरायला सुमन, आणि पुढं मी. बटण दाबून पाय वर घेतले. गाडी चाकांवर आली. नारळ फोडला, निघालो.

पहिल्या कोपऱ्यावर वळताना गाडी जरा कण्हली आणि चाक जड लागलं. मी म्हटलं, पोरीच्या बॅगांचं वजन असेल. पाइपात काल चुकून राहिलेलं दोन चमचे तेल त्या कोपऱ्यावर संपलं, हे मला आज कळतंय. तेव्हा मी शीळ घालत होतो.

पुढं मोठा रस्ता लागला, सरळसोट, अक्कलकोटकडं जाणारा. सरळ रस्त्यावर गाडी गुणी पोरासारखी चालली. मला वाटलं, बघा, मी म्हणालो नव्हतो?

कार्यालय रस्त्याच्या उजव्या हाताला. लांबूनच कमान दिसली. बँड उभा, बायका आरतीचं ताट घेऊन उभ्या, माढ्याचे पाहुणे फेटे बांधून रांगेत, आणि मधोमध सचिनचे वडील, हातात नारळ. वेळेच्या चांगलं आधी पोचलो होतो. बिराजदारांनी मला बघून हात जोडले. बँडवाल्यांनी सुरू केलं.

मी वेग कमी केला, उजवा दिवा लावला आणि स्टेअरिंग फिरवलं.

फिरलं नाही.

जोर लावला. नाही. दोन्ही हातांनी ओढलं, सीटवरनं उठून ओढलं. गाडी जेवढी हळू होत होती तेवढं स्टेअरिंग घट्ट होत होतं. गाडी पळत असली तर एकवेळ थोडीफार ऐकायची, थांबायला लागली की दगड. समोरनं एक ट्रक येत होता आणि मी रस्त्याच्या मधोमध तिरका. मला दुसरं काही सुचलं नाही. मी वेग वाढवला आणि गाडी सरळ घेतली.

आम्ही कार्यालयासमोरनं निघून गेलो.

बँड वाजत राहिला, मग एकेक वाद्य बंद पडलं. शेवटी एकटा ताशा वाजत होता. आरतीवाल्या बायकांची तोंडं आमच्याबरोबर वळली. आणि इथं माझ्या हातून आणखी एक गोष्ट झाली. मी इतका भांबावलो होतो, की सचिनच्या वडलांशी नजरानजर झाल्यावर मी खिडकीतनं हात हलवला. एसटी सुटल्यावर माणसं हलवतात तसा.

मागनं सुमन ओरडली, "अहो, मागं राहिलं की कार्यालय!"

"माहितीय मला."

"मग वळा की."

"वळतोच आहे," मी म्हटलं. गाडी सरळ चालली होती.

सुमनचा फोन वाजला. बिराजदार. तिनं तो माझ्या कानाजवळ धरला.

"मालक, कुटं चाललाय?"

"सरळ."

"सरळ कुटं? सरळ अक्कलकोट हाय. पोरीला दर्शनाला न्यायलाय का?"

"गाडी वळत नाहीये, बिराजदार."

"तेल घातलाय का?"

"तेलाचा काही संबंध नाही," मी म्हटलं. ते पुढं कानडीत जे बोलले ते मला पूर्ण कळलं नाही, आणि जेवढं कळलं तेवढं इथं सांगता येणार नाही.

तिकडं कार्यालयात काय झालं ते मला नंतर समजलं. नवरी पळाली, अशी हाकाटी झाली. कुणी म्हणालं, तिचं दुसरीकडं होतं. कुणी म्हणालं, त्या म्हाताऱ्यानं पळवून नेली. सचिनचे वडील नारळ खाली ठेवून म्हणाले, "नवरी गेली ते गेली, वर ड्रायव्हर टाटा करून गेला." आणि त्यांनी आपल्या माणसांना गाड्या काढायला सांगितल्या.

इकडं पल्लवीचा फोन वाजला. सचिनचा होता. गाडीत शांतता, त्याचं सगळं ऐकू येत होतं.

"पल्लवी, तुला नको असेल तर आत्ता सांग. तात्या निघालेत. मी त्यांना काय सांगू?" तात्या म्हणजे त्याचे वडील.

"अरे, मला पाहिजे रे. गाडीला वळता येईना."

"गाडीला वळता येईना, असं कसं?"

"मला काय माहीत? काका म्हणतात तेलाचा संबंध नाही."

"अक्षतांपर्यंत थांबवतो त्यांना," तो म्हणाला. "त्यानंतर माझं चालणार नाही." फोन बंद झाला.

मी आरशात बघितलं. पोरीच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं आणि ते पडू नये म्हणून ती मान वर करून बसली होती. सगळा फेटा डोक्यावर जड झाला. कुणाच्या लेकीच्या संसाराला आपण सुरू व्हायच्या आधीच नाट लावला, असं वाटलं.

इतक्यात डाव्या हाताला पेट्रोल पंप आला. सुमन म्हणाली, "पंप आहे. तेल घ्या."

आता लाज वाटली होती, सगळं खरं. पण मी काय म्हटलं असेल? "अगं, काल बिनतेलाचं करंगळीनं फिरत होतं. तू बघितलंस ना? बिघाड दुसरीकडं आहे." तेवढ्यात पंपही मागं गेला. नाहीतरी आत वळता आलं नसतंच.

पुढं रस्त्याला लागून मोठं मोकळं रान होतं, सीझनला उसाच्या ट्रॉल्या थांबतात ते. गाडी पळतच होती, जीव खाऊन थोडी डावीकडं दाबली आणि रानात शिरून उभी केली. आता स्टेअरिंग मुळीच हलेना. मी लोंबकळलो, सुमन लोंबकळली. उपयोग नाही.

पल्लवी शालू सावरत पुढं आली. "काका, काल तुम्ही सगळ्यांना कसं फिरवून दाखवलंत?"

"असंच की."

"अगदी असंच?"

"अगदी असंच. गाडी उभी होती, इंजिन बंद होतं, पाय खाली होते."

"मग तसंच करा."

मी इंजिन बंद केलं. फिरवलं, नाही. मग पायांचं बटण दाबलं. गुर्रर्र. पाय खाली आले, जमिनीला टेकले. तिथं जमीन मऊ म्हणून पुढचे पाय आणखी लांब सोडले. गाडीचं नाक वर उठलं. मी स्टेअरिंगला करंगळी लावली.

फिरलं! डावीकडं पूर्ण, उजवीकडं पूर्ण.

मला इतका आनंद झाला, की मी सीटवरच उभा राहिलो. "बघ! म्हणालो नव्हतो? तेलाचा काही संबंध नाही!"

पल्लवी दारातनं खाली वाकली. झालर एका हातानं बाजूला केली. खाली बघत राहिली. मग माझ्याकडं बघितलं.

"काका, चाकं हवेत आहेत."

सुमननं नुसता मोठा आरसा होता त्या दिशेला हात केला.

म्हणजे काय, समजलं ना? पुढची चाकं जमिनीवरनं उचललेली, त्यांना रस्ताच लागत नव्हता. हवेत लटकलेलं चाक फिरवायला कसली ताकद लागतेय? पाळण्यातलं पोरही फिरवेल. अख्ख्या हळदीला मी हवेत स्टेअरिंग फिरवायला लावलं होतं, आणि वर कंपन्यांना शिव्या घातल्या होत्या.

"मला रडायला आता वेळ नाही," पल्लवी म्हणाली. पोरगीच ती, डोकं माझ्यासारखं नाही तिचं. "काका, हवेत असतानाच चाकं पूर्ण उजवीकडं वळवा. मग पाय वर घ्या. चाकं वळलेलीच राहतील. गाडी आपोआप गोल फिरेल."

आणि तसंच झालं हो. पाय वर घेतले, गाडी सुरू केली, तिनं त्या रानात भलामोठा गोल वळसा घातला आणि तोंड सोलापूरकडं केलं. परत थांबलो, पाय खाली, चाकं सरळ, पाय वर. रस्त्याला लागलो. ते पाय एवढे निवांत खाली-वर व्हायचे, की मी त्या यंत्राला हात जोडून विनवण्या करत होतो. सुमन म्हणाली, "त्याला कळतं, तुम्हाला कळत नाही." पल्लवी सचिनला फोनवर सांगत होती, "तात्यांच्या गाडीची किल्ली काढून घे. आलेच."

कार्यालय आता डाव्या हाताला आलं. माढ्याच्या गाड्या अर्ध्या सुरू झालेल्या, सचिनचे वडील जीपमध्ये एक पाय टाकून उभे, बिराजदार त्यांच्यासमोर हात जोडून. बँडवाले बिड्या ओढत बसलेले.

मी कमानीसमोर गाडी थांबवली. सगळे बघायला लागले. बटण दाबलं. गुर्रर्र करत सजवलेल्या गाडीनं हळूच नाक वर केलं. आत मी चाकं वळवली. परत बटण. गाडीनं नाक खाली केलं. आणि झुलत, झेंडूच्या माळा हलवत, कमानीतनं आत आली. आत आल्यावर सरळ व्हायला परत थांबली, परत वर, परत खाली.

गर्दीत कुणीतरी म्हणालं, "आरं, गाडी वाकून नमस्कार करतीया!"

झालं. टाळ्या पडल्या. बँड उठला. लोकांनी मोबाइल काढले. हल्ली लग्नात नवरीची एंट्री नावाचा एक प्रकार असतो, कुणी धुरातनं येतं, कुणी पाळण्यातनं उतरतं. लोकांना वाटलं, ही त्यातलीच. महानंदा वहिनी पल्लवीला कवटाळून रडल्या. सचिनच्या वडलांनी जीपमधला पाय खाली घेतला.

"म्हंजी मगाशी म्होरं गेलाव ते..." ते मला म्हणाले.

इथं खरं सांगायची संधी होती. सरळ सांगायचं, पाहुणे, माझी चूक झाली. पण समोर एवढी माणसं, एवढे मोबाइल, डोक्यावर फेटा. माझ्या तोंडातनं आपोआप निघालं, "ते आधीच ठरवलेलं होतं. तेवढंच सरप्राइज."

"टाटा केला ते बी?"

"ते बी."

त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "आमच्याकडं घोडं नाचवत्यात. तुमी गाडी नाचवली. लई भारी." पलीकडं पल्लवी उभी होती. तिनं ते ऐकलं, माझ्याकडं बघितलं आणि आत गेली.

अक्षता वेळेवर पडल्या. माझा शब्द राहिला, असं मी सगळ्यांना सांगत होतो.

जेवणाच्या पंगतीपर्यंत तर मी पार हवेत होतो. माढ्याचे पाहुणे मला शेजारी बसवून घेत होते, एंट्री कशी बसवली ते विचारत होते, आणि मी सांगत होतो, आधी तालीम केली, वेळ काढून बघितली, पायांचा ताल बँडशी जुळवला. एका पाहुण्याला तर मी त्याच्या पोराच्या लग्नाची तारीखसुद्धा विचारली.

समोर नवरा-नवरी घास भरवत होते. माइकवाला उखाण्याचा आग्रह करत होता. पल्लवी उभी राहिली, माइक घेतला, काहीतरी म्हणाली. मी शेजारच्या पाहुण्याला पायांचं बटण समजावत होतो, त्यामुळं मला फक्त शेवट ऐकू आला.

"...सचिनरावांचं नाव घेते, असा ड्रायव्हर शोधून मिळेना."

अख्खा मंडप हसला, टाळ्यांचा कडकडाट झाला, सगळी तोंडं माझ्याकडं. मला भरून आलं. पोरीनं भर लग्नात, स्वतःच्या उखाण्यात, माझं कौतुक करावं? मी पानावरनं उठलो. हात जोडले. सगळ्यांकडं वळून वाकून नमस्कार केला. लोक आणखी हसले, शिट्ट्या मारल्या. मी दुसऱ्या बाजूला वळून आणखी खाली वाकलो. सचिनचे वडील डोळे पुसत होते. मला वाटलं, गहिवरले.

सुमननं धोतराचा सोगा ओढला. "बसा खाली."

"अगं, कौतुक करतीय पोरगी."

"पहिली ओळ ऐकलीत का?"

"नाही. काय होती?"

सुमननं भाताचा घास खाली ठेवला आणि माझ्या कानाशी येऊन अगदी हळू, एकेक शब्द सांगितला.

"काकांच्या गाडीत बसले, गाडी काही वळेना."

मी खाली बसलो. शेजारच्या पाहुण्यानं माझ्याकडं बघितलं आणि अतिशय आदरानं म्हणाला, "मालक, आमच्या पोराच्या लग्नाला तुमी या. पण एसटीनं या."